डेटाचा खटला आणि बेनीची गोष्ट

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचा सर्वोत्तम भाग कोणता, हा वाद तिच्या चाहत्यांमध्ये गेली अनेक दशके चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ही मालिका सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. दुसऱ्या पर्वानंतरच ती गुंडाळण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. पण प्रेक्षकांनी एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा असा मारा केला की तिसरे पर्व द्यावे लागले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले. १९८७ पासून एकामागून एक नव्या मालिका आल्या. आज सगळे भाग मोजले तर आकडा नऊशेच्या वर जातो. एवढ्या पसाऱ्यात एकाच भागाला पहिला नंबर द्यायचा म्हटल्यावर भांडण होणारच.

परग्रहावरच्या गोष्टींचे आपल्याला काय, असे एखादा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पण या मालिकेत माणूस कोणाला म्हणायचे, यावर चक्क खटला चाललेला आहे. तो लिहिणारी बाई पेशाने वकील होती. त्यामुळे या वादात एका वकिलाने तोंड घातले तर ते फारसे गैर ठरू नये.

चाहत्यांच्या यादीत वरच्या जागी बहुधा दोन भाग असतात. पहिला, ६ एप्रिल १९६७ चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. कॅप्टन कर्क काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतो. मंदीचे दिवस आहेत. भुकेल्यांना सूप-भाकरी देणारी, शांततेचा प्रचार करणारी इडिथ कीलर त्याला भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो, आणि मग कळते की ती जगली तर अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. म्हणून तिने मोटारीखाली मेलेच पाहिजे. लेखक हार्लन एलिसन यांची मूळ संहिता निर्मात्यांनी बदलली, त्याचा राग एलिसन यांनी आयुष्यभर धरला. गंमत अशी की पडद्यावर आलेल्या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि एलिसन यांच्या मूळ संहितेला लेखकांच्या संघटनेचा. म्हणजे या एका भागापुरतेसुद्धा पुरस्कार देणाऱ्यांचे एकमत नाही! मला हा भाग आवडतो, पण खटकतोही. इतिहास सुरळीत चालावा म्हणून गरिबांना जेऊ घालणाऱ्या बाईचाच बळी का लागतो, हे चाहते एकमेकांना फारसे विचारीत नाहीत.

दुसरा, १ जून १९९२ चा ‘द इनर लाइट’. हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका ग्रहाने अवकाशात सोडलेले यान कॅप्टन पिकार्डला बेशुद्ध करते. पंचवीसेक मिनिटांच्या बेशुद्धीत तो त्या ग्रहावरच्या एका साध्या माणसाचे अख्खे आयुष्य जगतो. बायको, मुले, नातू, दुष्काळ, म्हातारपण. शुद्धीवर येतो तेव्हा हातात उरते फक्त एक बासरी. या भागालाही ह्यूगो मिळाला. चित्रीकरणात वापरलेली ती बासरी २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस हजार डॉलरच्या वर गेली, आणि ती वाजतसुद्धा नव्हती! भाग अप्रतिम आहे, यात शंका नाही. डोळे ओले होतात. पण कोणाला काही द्यावे लागत नाही आणि कोणाचे काही सुटत नाही. मेलेल्या ग्रहासाठी रडणे सोपे असते. त्या ग्रहाचा आपल्यावर कसला दावा नसतो.

दाव्यांचे म्हणाल तर १३ फेब्रुवारी १९८९ चा ‘द मेजर ऑफ अ मॅन’ पाहावा. डेटा हा मानवाकृती यंत्रमानव जहाजावर अधिकारी आहे. त्याला पदके मिळालेली आहेत. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला तो उघडून पाहायचा आहे, म्हणजे त्याच्यासारखे हजारो बनवता येतील. डेटा नकार देतो. बदलीचा हुकूम निघतो. डेटा राजीनामा देतो. तेव्हा मॅडॉक्स म्हणतो की, राजीनामा द्यायला तो कोण? तो तर स्टारफ्लीटची मालमत्ता आहे. जहाजावरचा संगणक कधी राजीनामा देतो काय?

इथे कायद्याच्या माणसाचे कान टवकारतात. कारण यातली चाल जुनी आहे. ६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. मुख्य न्यायाधीश टॅनी यांनी सांगितले की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, म्हणून त्याला त्या न्यायालयात दावाच लावता येत नाही. मागणी बरोबर की चूक ही पुढची गोष्ट, आधी मागणाऱ्यालाच मोजायचे नाही. पुढे यादवी युद्ध झाले, १८६५ आणि १८६८ च्या घटनादुरुस्त्या झाल्या, तेव्हा तो निकाल पुसला गेला. (त्याच मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.) डेटाचा खटला लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास यांनी काही वर्षे वकिली केली होती आणि लिहिताना ड्रेड स्कॉटचा खटला त्यांच्या मनात होता.

त्यांनी रचलेली पेचाची मांडणी वकिलालाच सुचेल अशी आहे. न्यायाधीश फिलिपा लूव्हॉ यांच्या नव्या कार्यालयात माणसे नाहीत. म्हणून पिकार्डने डेटाची बाजू मांडायची आणि डेटाचाच मित्र रायकर याने विरुद्ध बाजू. रायकर नाही म्हणाला, तर डेटा मालमत्ता आहे हाच निकाल कायम होणार. मग रायकर मन लावून काम करतो. भर न्यायालयात डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो आणि शेवटी कळ दाबून त्याला बंद करतो. डेटा खुर्चीतच पुढे कोसळतो. मैत्री वाचवायला मैत्रीच मोडावी लागते, असा हा प्रसंग.

पण खटला फिरतो तो न्यायालयाबाहेर. खचलेला पिकार्ड पेयगृहात गायननकडे जाऊन बसतो. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांची. गायनन आवाज न चढवता त्याला विचारते की, एक डेटा म्हणजे एक यंत्र, ठीक. पण हजारो डेटा बनवले आणि कोणालाही नको असलेली कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडून करून घेतली, तर त्याला काय म्हणायचे? तो शब्द ती स्वतः उच्चारत नाही, पिकार्डकडून वदवून घेते. एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने एका गोऱ्या कॅप्टनला त्या शब्दापर्यंत हात धरून नेणे, हे त्या काळच्या दूरचित्रवाणीवर सहज घडणारे नव्हते. याच व्हूपी गोल्डबर्ग लहानपणी मूळ मालिकेतली लेफ्टनंट उहुरा पाहून घरभर ओरडत सुटल्या होत्या की टीव्हीवर एक काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही! उहुरा साकारणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या. त्यांना थांबवणारे गृहस्थ म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग, असे निकल्स यांनीच सांगितलेले आहे.

लूव्हॉ निकाल देतात: डेटाला आत्मा आहे की नाही हे ठाऊक नाही, स्वतः मला आहे की नाही हेही ठाऊक नाही, पण तो कोणाची मालमत्ता नाही आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. निकालानंतर मॅडॉक्सच्या तोंडची भाषा बदलते. आतापर्यंत तो डेटाला वस्तूचे सर्वनाम लावत होता, आता माणसाचे लावतो आणि लूव्हॉ ते त्याच्या लक्षात आणून देतात. मराठीत हे नीट सांगता येत नाही. आपल्याकडे ‘ते’ वस्तूलाही लागते आणि आदरणीय गृहस्थांनाही.

चाहते या भागावर खूश असतात. माझ्या मते त्यांचा वाद इथेच तोकडा पडतो. भाग संपला की ते गुण देऊन मोकळे होतात. वकील मात्र विचारतो, निकालाची अंमलबजावणी झाली काय? तर वर्षभरानंतर, मार्च १९९० च्या ‘द ऑफस्प्रिंग’मध्ये डेटा लाल नावाची मुलगी घडवतो आणि स्टारफ्लीटचा ॲडमिरल तिला बापापासून तोडून न्यायला हजर होतो. डेटा मालमत्ता नाही, पण त्याचे मूल? पुन्हा पहिल्यापासून वाद. पिकार्ड तिथेही उभा राहतो, पण ती ओढाताण मुलीला सोसत नाही. पुढे २००१ मध्ये ‘व्हॉयेजर’ मालिकेच्या ‘ऑथर, ऑथर’ या भागात जहाजाचा डॉक्टर, जो केवळ प्रकाशाचा आकार आहे, एक कादंबरी लिहितो. प्रकाशक ती परवानगीशिवाय छापतो, कारण कायद्याने डॉक्टर ‘व्यक्ती’ नाही. लवाद काय म्हणतो? व्यक्ती म्हणायला मी तयार नाही. लेखक म्हणून मात्र हक्क मान्य. कसबी निकाल आहे, आणि आखूडही. डेटाच्या खटल्यातून मिळालेले इथे डॉक्टरच्या पदरात पडत नाही. शेवटच्या दृश्यात त्या डॉक्टरच्याच चेहऱ्याचे अनेकजण खाणीत राबताना दिसतात. गायननने बारा वर्षांपूर्वी जे सांगितले होते ते तंतोतंत उतरलेले असते. त्यांतला एक दुसऱ्याला हळूच सांगतो की, ती कादंबरी एकदा वाचच. हा भाग सर्वोत्तमच्या यादीत क्वचितच कोणी घेतो. घ्यायला हवा.

तरीही माझे मत त्यालाही नाही. डेटाला पिकार्ड होता. डॉक्टरला त्याच्या कॅप्टनचे पाठबळ होते. ज्याच्या बाजूने बोलायला कोणीच नाही, त्याचे काय? ११ फेब्रुवारी १९९८ चा ‘फार बियाँड द स्टार्स’ हा ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतला भाग त्याच्याविषयी आहे.

या मालिकेत अवकाशस्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को कृष्णवर्णीय आहे. ‘स्टार ट्रेक’च्या कोणत्याही मालिकेत नायकाच्या जागी कृष्णवर्णीय नट प्रथमच आला, तो एव्हरी ब्रुक्स. या भागाचे दिग्दर्शनही त्यांचेच. सिस्कोला दृष्टांत होतात, आणि तो १९५३ च्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल बनतो. बेनी एका विज्ञानकथा मासिकात लेखक आहे. वाचकांना लेखकांचे फोटो पाहायचे आहेत, म्हणून एक दिवस ठरतो. संपादक बेनीला आणि केय या लेखिकेला सुचवतो की त्या दिवशी तुम्ही जरा उशिरापर्यंत झोपा. गोष्टी चालतात, चेहरे चालत नाहीत. एवढ्या एका वाक्यात जे सांगितले आहे त्याला दुसरा लेखक दहा पाने घेईल.

बेनी भविष्यातल्या अवकाशस्थानकाची गोष्ट लिहितो, प्रमुख कृष्णवर्णीय. गोष्ट सगळ्यांना आवडते. संपादक म्हणतो, नायक गोरा कर. बेनी ऐकत नाही. मग तोडगा निघतो: शेवटी हे सगळे एका गरीब काळ्या माणसाचे स्वप्न होते असे दाखव, म्हणजे छापू. बेनी तेही मान्य करतो. आणि मासिकाचा मालक छापून तयार झालेला अख्खा अंक लगद्यात घालतो व बेनीला नोकरीवरून काढायला लावतो. त्याआधी जिमी या वस्तीतल्या पोराला पोलिसांनी गोळी घातलेली असते आणि विचारायला गेलेल्या बेनीला तुडवलेले असते. रस्त्यावर उपदेश करणाऱ्या म्हाताऱ्याचे काम ब्रॉक पीटर्स यांनी केले आहे. १९६२ च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ चित्रपटात खोट्या आरोपाखाली न्यायालयात उभा केलेला टॉम रॉबिन्सन म्हणजे तेच.

हे कल्पनेतले नाही. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने लिहून ठेवले आहे की १९६७ साली त्यांची ‘नोव्हा’ कादंबरी संपादक जॉन कॅम्पबेल यांनी क्रमशः छापायला नाकारली. कारण? कृष्णवर्णीय नायक वाचकांना आपला वाटणार नाही. म्हणजे ज्या वर्षी कर्क काळाच्या दारातून इडिथ कीलरकडे जात होता, त्याच वर्षी.

या भागावरचे आक्षेप मी ऐकलेले आहेत. यात अवकाशयान नाही, परग्रहवासी नाही, मग ही विज्ञानकथा कशी? भविष्यात कोणाला जागा द्यायची हे खोलीत बसलेली चार माणसे ठरवतात, आणि हा भाग त्या खोलीत शिरतो. विज्ञानकथेने याहून जवळचा विषय घेतला असेल तर मला दाखवावा. दुसरा आक्षेप, ब्रुक्स शेवटी फार आरडाओरडा करतात. नोकरी गेल्यावर बेनी रडतो, हात-पाय झाडतो, मला नाकारा पण मी निर्माण केलेले जग नाकारता येणार नाही, असे ओरडत जमिनीवर कोसळतो. आता अन्याय झालेल्याने मोजक्या, नेटक्या आवाजात बोलावे, ही अपेक्षा न्यायालयातही अनेकदा दिसते. साक्षीदार रडला की साक्ष कच्ची ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

एव्हरी ब्रुक्स पडद्याबाहेरही गप्प बसले नाहीत. जून १९९९ मध्ये मालिका संपली तेव्हा शेवटच्या प्रसंगात सिस्को गरोदर पत्नीला सोडून कायमचा निघून जातो, असे चित्रित झाले होते. कृष्णवर्णीय बाप बायकापोरांना टाकून जातो हे चित्र आपण पुन्हा दाखवायचे काय, असा ब्रुक्स यांचा हरकतीचा मुद्दा होता. प्रसंग पुन्हा चित्रित झाला, आणि सिस्को परत येण्याचे वचन देऊन जातो. मालिकेचे सूत्रधार आयरा बेहर यांच्या मनात तर शेवट बेनी रसेलवर करायचा होता: स्टुडिओच्या आवारात हातात संहिता घेऊन बसलेला बेनी. म्हणजे ही सगळी मालिकाच त्याने लिहिली. ते वरिष्ठांना पटले नाही.

बेनी मात्र त्याआधी, ऑक्टोबर १९९८ च्या ‘शॅडोज अँड सिम्बल्स’मध्ये एकदा पुन्हा दिसला. तो वेड्यांच्या इस्पितळात आहे. कागद देत नाहीत म्हणून त्याने खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने गोष्ट लिहिली आहे, चारी भिंती भरल्या आहेत. डॉक्टर गोड बोलून हातात रंगाचा रोलर देतो: हे पुसून टाक, बरा झालास असे आम्ही समजू. बेनी रोलर भिंतीपर्यंत नेतो. मग डॉक्टरला झिडकारून पेन्सिल उचलतो आणि पुढचे वाक्य लिहितो. तिकडे भविष्यात, दूरच्या वाळवंटी ग्रहावर, सिस्को पेटी उघडतो.