शहापूर-मुरबाडमध्ये ‘सेकंड होम’ घेताय? सजवलेल्या प्लॉटमागचा सातबारा कसा वाचायचा?

मुंबई-नाशिक महामार्गाने वाशिंद ओलांडले की रस्त्याकडेला प्लॉटच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. डोंगर, धबधबा, कौलारू बंगली, खाली गुंठ्याचा भाव आणि ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हेच चित्र आहे. ठाणे, डोंबिवली, मुलुंडमधली अनेक कुटुंबे रविवारी हे प्लॉट पाहायला येतात. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम किंवा वर्षानुवर्षांची बचत यातल्या एखाद्या प्लॉटमध्ये गुंतवण्याचा त्यांचा विचार असतो. त्या दिवशी त्यांना जे दाखवले जाते ते विक्रीसाठी मुद्दाम सजवलेले असते. मात्र पैसे मोजून पदरात पडते ती सजावट नव्हे, तर कागदावरची जमीन. या दोन गोष्टींत अंतर किती आहे, ते कसे तपासायचे आणि कायदा कुठवर मदत करतो, हे समजून घेऊया.

होम स्टेजिंग म्हणजे काय?

घर विकायला काढण्यापूर्वी ते ग्राहकाच्या नजरेने मांडून ठेवणे म्हणजे ‘होम स्टेजिंग’. जास्तीचे सामान हलवायचे, भिंतींना फिका रंग द्यायचा, पडदे उघडून उजेड आत घ्यायचा, घरच्यांचे फोटो काढून ठेवायचे. आपण इथे राहतो आहोत असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, हा उद्देश. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटल परिसरातील मालमत्ता एजंट बार्ब श्वार्ट्झ यांनी ही पद्धत रूढ केली, असे मानले जाते. आपल्याकडे शहरांत बिल्डरचा ‘सॅम्पल फ्लॅट’ हा त्याचाच प्रकार. वाशिंद-आसनगावमधला जुना फ्लॅट विकण्याआधी मालक रंगाचा हात मारतो आणि गळका नळ बदलतो, तेही स्टेजिंगच.

यात गैर काही नाही. लग्नघराला तोरण लावावे, तसेच हे. प्रश्न येतो तो रंगाखाली ओल झाकलेली असते तेव्हा. शहापूर-मुरबाडमध्ये तर अनेकदा घर नसतेच. सजवली जाते ती मोकळी जमीन, आणि जमिनीचे दोष भिंतीवरच्या ओलीसारखे डोळ्यांना दिसत नाहीत.

शहापूर-मुरबाडच का?

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेल्या सात तालुक्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे ग्रामीण, डोंगराळ तालुके. शहापूरला लोकलचा आधार आहे. कसारा मार्गावर आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके याच तालुक्यात येतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाडकडे कल्याण-मुरबाड रेल्वेमार्गाची आशा दाखवली जाते. ती गाडी अजून धावत नसली, तरी जाहिरातीत ती कधीच पोहोचलेली असते.

प्लॉट कसा सजवला जातो?

पहिली सजावट निसर्गच करतो. जुलै ते सप्टेंबर या काळात इथला प्रत्येक उतार हिरवा असतो आणि प्रत्येक ओढा वाहता. त्यामुळे ‘साइट व्हिजिट’चा हंगाम पावसाळ्यातच भरात येतो. तोच ओढा एप्रिलमध्ये दगडगोट्यांची वाट झालेला असतो.

बाकीची सजावट माणसांची. मोठे फाटक, त्यावर नावाची पाटी, आत शंभर-दीडशे फूट पेव्हर ब्लॉकचा रस्ता, सौरदिवे, तारेचे कुंपण, नुकतीच लावलेली आंब्या-चिकूची कलमे आणि झोपाळा असलेला एक नमुना बंगला. स्टेशनवरून न्यायला गाडी येते. जेवणात भाकरी आणि झुणका असतो. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट क्रमांक लिहिलेले असतात. दोन प्लॉट ‘आजच बुक झाले’ असे कानावर पडते आणि त्याच टेबलावर टोकनची पावती फाडली जाते.

या सगळ्यात चुन्याची रेघ सर्वात फसवी. ती कोणी मारली, कोणत्या मोजणीवरून मारली, हे विचारल्याशिवाय कळत नाही. सरकारी मोजणी भूमि अभिलेख खाते करते. त्या मोजणीच्या नकाशाशी जुळत नसेल, तर ती रेघ नुसती रेघच राहते.

सजावट आणि फसवणूक यांच्यातली सीमा कोणती?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा २०१६चा. त्याचे कलम १२ जाहिरात, माहितीपत्रक आणि नमुना घर, प्लॉट किंवा इमारत यांविषयी आहे. यांतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल, तर व्याजासह रक्कम परत मिळू शकते. थोडक्यात, झोपाळा लावणे ही सजावट, पण ‘क्लब हाऊस मंजूर आहे’ हे विधान. विधान खरे करून दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

प्लॉट पाडून केलेल्या प्रकल्पांनाही रेरा लागू होतो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल, तर महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवा, आणि ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. नोंदणीकृत विक्री करारापूर्वी एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटनेही महारेराकडे नोंदणी केलेली असली पाहिजे.

मग अडचण कुठे येते? इथे विकले जाणारे अनेक प्लॉट बिनशेती नसतात. ते ‘फार्म प्लॉट’ म्हणून, शेतजमीन म्हणूनच विकले जातात. तिथे महारेराचा क्रमांक नसतो, आणि वाद झाला तर रेराचे हे संरक्षण मिळवणे कठीण जाते.

शेतजमिनीचे गुंठे कोण घेऊ शकतो?

कुळवहिवाट कायदा १९४८च्या कलम ६३नुसार, जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कलम मोडून झालेला व्यवहार बेकायदा ठरू शकतो, आणि कारवाई जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जाऊ शकते. ‘शेतकरी दाखल्याचे आम्ही बघतो’ असे एजंट म्हणाला, तर तिथेच थांबावे. खोट्या दाखल्यावर घेतलेल्या जमिनीचा फटका दाखला आणून देणाऱ्याला नव्हे, तर सातबाऱ्यावर नाव असलेल्याला बसतो.

ग्राहक खरोखर शेतकरी असला, तरी दुसरा अडथळा असतो तुकडेबंदीचा. १९४७च्या या कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतांश भागासाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जाहिरातीतले प्लॉट मात्र बहुधा दोन, तीन, पाच गुंठ्यांचे असतात. २०२५मध्ये सरकारने शहरी हद्दी, गावठाणालगतचे पट्टे आणि आराखड्यातले बिगरशेती विभाग यांच्यासाठी ही अट सैल करण्याची पावले उचलली. डोंगरउतारावरचे भातशेत त्यात येईलच असे नाही.

यावर काढली जाणारी पळवाट म्हणजे सामाईक सातबारा. दहा-पंधरा जण मिळून एक गट नंबर घेतात आणि सर्वांची नावे एकाच उताऱ्यावर चढतात. जागेवर प्रत्येकाचा प्लॉट वेगळा दिसतो. कागदावर मात्र सगळ्यांचा हिस्सा अविभक्त असतो, अमुक कोपरा अमक्याचा असे कुठेही लिहिलेले नसते. पुढे एकाला विकायचे असेल, कर्ज काढायचे असेल किंवा मुलांत वाटणी करायची असेल, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो.

फाटकावर वारली चित्रे, सातबाऱ्यावर कोण?

फार्महाऊसच्या फाटकावर, कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्रे काढण्याची पद्धत आता सर्रास आहे. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांची वस्ती या दोन्ही तालुक्यांत आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे सातबाऱ्यावरचा मालक आदिवासी आहे का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्या परवानगीआधी राज्य सरकारची मान्यता. ही तरतूद १९७४च्या दुरुस्तीने आली. सावकारी, फसवणूक आणि अडचणीतली विक्री यांमुळे आदिवासींच्या हातून जमिनी जात होत्या, हे तिचे कारण. हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्यासाठीही १९७०च्या दशकात स्वतंत्र कायदा झाला.

‘परवानगी होईपर्यंत कुलमुखत्यारपत्र करून घेऊ’ हा यावर हमखास सुचवला जाणारा उपाय. पण कुलमुखत्यारपत्राने किंवा नुसत्या साठेकराराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशा व्यवहारात दोन घरांचे नुकसान होते. ग्राहकाची बचत अडकते, आणि जमीन कसणारे कुटुंब मिळालेले पैसे संपल्यावर कधीकधी त्याच कुंपणाच्या आत रखवालदारी करत राहते.

जंगल आणि धरण यांचा काय संबंध?

ठाणे जिल्ह्यातल्या अनेक सातबाऱ्यांवर ‘राखीव वने’ किंवा ‘खाजगी वने’ अशा नोंदी आहेत. खाजगी वने संपादनाचा कायदा १९७५चा आहे, आणि या नोंदींवरून झालेले वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. शिवाय शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्याचा मोठा भाग येतो. ‘जंगलाला लागून प्लॉट’ ही जाहिरातीतली खुबी बांधकाम परवानगीच्या वेळी अडचण ठरू शकते.

पाण्याचे तर वेगळेच. मुंबईची तहान भागवणारे भातसा, तानसा आणि मोडक सागर हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यात एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा. तरीही याच तालुक्यातल्या कित्येक गाव-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण दिसते म्हणून नळाला पाणी येईल असे नाही. इथला खडक काळा पाषाण, बेसाल्ट. त्यात पाणी साठते ते भेगांमध्ये. त्यामुळे शेजारच्या बोअरवेलला पाणी लागले, तरी आपली कोरडी जाऊ शकते. आणि लागलेच, तर उन्हाळ्यात तेच पाणी पाड्यावरच्या विहिरीलाही हवे असते.

खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे निश्चिंत?

नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी निर्विवाद आहे, याची हमी तो देत नाही. ती खात्री वकिलाकडून शोध अहवाल घेऊन करावी लागते. साधारण ३० वर्षांचे व्यवहार त्यात तपासले जातात.

टोकन देण्यापूर्वी काय पाहावे?

सर्वात आधी गट नंबर मागावा. तो द्यायला टाळाटाळ होत असेल, तर बाकीचे पाहण्याची गरजच नाही. गट नंबर मिळाला की महाभूलेखवर सातबारा पाहता येतो. त्यात मालकांची सर्व नावे, भोगवटादार वर्ग आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. वर्ग २ असेल, तर विक्रीवर बंधने असतात. कुळ, बँकेचा बोजा, वन किंवा आदिवासी जमिनीची नोंद बहुधा याच रकान्यात सापडते. मग जुने फेरफार काढावेत. वारसांपैकी कोणाचे, विशेषतः बहिणींचे, नाव सुटले आहे का, ते त्यांतून कळते.

‘एनए’ सांगितले असेल, तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन पाहावे. बिनशेतीचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून सध्या कोणता कागद लागतो हे तहसील कार्यालयातच विचारावे. पोहोचरस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या शेतातून मेहेरबानीवर जातो, तेही पाहावे. या प्लॉटवर बँक कर्ज देईल का, हे विचारणे हीसुद्धा एक सोपी चाचणी. बँकेचे वकील कागदच वाचतात.

शेवटी, पावसाळ्यात आवडलेला प्लॉट एप्रिल-मेमध्ये पुन्हा पाहावा, तोही एजंटच्या गाडीतून न जाता. ओढ्यात पाणी आहे का, टँकर कुठे थांबतो, जमीन मूळ कोणाची आणि वाद आहे का, हे जवळच्या पाड्यावर चौकशी केली तर तासाभरात कळते. तलाठ्याच्या दप्तरात न सापडणारी गोष्टही गावात बहुतेकांना माहीत असते.

स्वच्छ कागदपत्रांचा प्लॉट विकणाऱ्यांनाही यातून शिकण्यासारखे आहे. फाटक आणि झोपाळा जरूर असावा. पण नमुना बंगल्याच्या टेबलावर माहितीपत्रकाशेजारी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि बिनशेती आदेशाच्या प्रती ठेवल्या, तर ग्राहकाला त्याच दिवशी टोकन मागण्याची घाई करावी लागणार नाही. तो कागद घरी नेईल, वकिलाला दाखवेल आणि सगळे ठीक असेल तर स्वतःहून परत येईल.