पन्नाशीतली पाठ : पिलाटीज, बसण्या-उठण्याची ढब आणि ताटातले अन्न

पंचेचाळिशी ओलांडली की अनेक स्त्रियांची एकच तक्रार सुरू होते. सकाळी उठताना कंबर धरते, ओट्याशी तासभर उभे राहिले की पाठ भरून येते, खांदे पुढे आल्यासारखे वाटतात आणि पोट सुटते. मग मैत्रीण सांगते, "पिलाटीज लाव, माझी पाठ थांबली." तुम्ही मोबाइलवर एखादा व्हिडिओ लावता, सतरंजी अंथरता आणि सुरुवात करता. कल्पना चांगली आहे. पण या वयात पिलाटीजचे कोणते व्यायाम करायचे आणि कोणते टाळायचे हे आधी माहीत असायला हवे, कारण काही व्यायाम ठिसूळ मणक्यांना थेट इजा करू शकतात.

पिलाटीज म्हणजे काय?

हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी त्यांना दमा आणि मुडदूस होता, म्हणून शरीर कमावण्याचा त्यांनी ध्यासच घेतला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवले गेले आणि तिथल्या छावण्यांत ते इतर कैद्यांकडून व्यायाम करून घेत. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. पत्नी क्लारा यांच्याबरोबर त्यांनी काढलेल्या व्यायामशाळेत शहरातले नर्तक दुखापतीतून सावरण्यासाठी येऊ लागले. स्वतः ते आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणत, म्हणजे शरीरावरच्या नियंत्रणाचे शास्त्र.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. मूळ व्यायाम तरुण, लवचीक आणि बहुधा निरोगी हाडांच्या माणसांवर घडले. पाळी थांबलेल्या बाईची हाडे डोळ्यांसमोर ठेवून ते रचलेले नव्हते.

पद्धतीचा गाभा मात्र सर्वांच्या उपयोगाचा आहे. पाठीचा कणा उभा ठेवायला हाडे पुरत नाहीत. पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला खोलवरचा स्नायू, मणक्यांना लागून असलेले छोटे स्नायू, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाचा तळ, अशी चारी बाजूंनी बांधलेली एक पेटी कण्याला आधार देते. तुम्ही हात उचलता त्याच्या क्षणभर आधी निरोगी माणसात पोटाचा हा खोल स्नायू आवळला जातो. ज्यांची कंबर वारंवार दुखते त्यांच्यात तो उशिरा जागा होतो, असे १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. पिलाटीजमध्ये सावकाश, श्वासाच्या लयीत हालचाल करायची असते ती या स्नायूंना कामाला लावण्यासाठी.

पाठदुखी कमी होते का? होते. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत जुनाट कंबरदुखीवरच्या दहा चाचण्या तपासल्या गेल्या. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीज बरे, असा निष्कर्ष निघाला. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असे मात्र सिद्ध झाले नाही. त्यामुळे महागडा स्टुडिओ परवडत नसेल तर खंत करू नका. सतरंजीवर नियमाने केलेला व्यायाम पुरतो.

पाळी थांबल्यावर हाडांचे काय होते?

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडांची झीज वाढते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. झीज सर्वांत आधी जाणवते ती मणक्यांत, कारण मणक्याचा आतला भाग स्पंजसारखा जाळीदार असतो. अशा मणक्यावर पुढच्या बाजूने भार आला की तो पाचरीसारखा दबतो. मणका मोडला म्हणजे जोरात कळ येईलच असे नाही. पुष्कळदा बाईला पत्ताच नसतो. फक्त उंची कमी होते, ब्लाउज मागून वर चढू लागतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं, पोक आलं."

आता पुढे वाकण्याचा मुद्दा. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या पाठीच्या व्यायामांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत पुढे नवीन मोड आढळली. पोटाशी वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी तेव्हापासून ठिसूळ हाडांच्या रुग्णांना पाठ गोल करून वाकायला लावायचे नाही, हा सल्ला पक्का झाला.

आणि पिलाटीजचे प्रसिद्ध व्यायाम आठवा. झोपून डोके-खांदे उचलून हात हलवायचा 'हंड्रेड', पाठीचा एकेक मणका उचलत बसायचे 'रोल-अप', गुडघे छातीशी धरून चेंडूसारखे लोळणे, पाय डोक्यामागे टाकणे, बसून कंबरेत पीळ देत पायाच्या बोटाला हात लावणारा 'सॉ'. सगळ्यांत पाठ गोल होते, काहींत वर पीळही पडतो. तुमची हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल, किंवा साठी उलटली आहे आणि तपासणी कधीच झाली नसेल, तर हे व्यायाम सोडून द्या. योगासनांतली हलासन, पश्चिमोत्तानासन यांनाही हेच लागू आहे. 'आमच्या आजीने सत्तरीपर्यंत हलासन केलं' हे खरे असेल, पण तिची हाडे तुमच्याकडे नाहीत.

क्लास लावणार असाल तर आणखी एक. २००० साली अमेरिकेच्या न्यायालयाने 'पिलाटीज' हे सामान्य नाम ठरवले, त्यावर कुणा एकाची मालकी राहिली नाही. पाटीवर नाव आहे म्हणून शिकवणारी व्यक्ती तयारीची आहे असे समजू नका. पहिल्या दिवशी विचारा, "हाडे ठिसूळ असतील तर माझ्यासाठी तुम्ही काय बदलाल?" उत्तर गुळमुळीत आले तर दुसरीकडे जा.

मग काय करायचे?

सतरंजी थोडी जाड घ्या, पोट भरलेले नको. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली पातळ उशी. हाताचे पंजे बरगड्यांच्या बाजूंना ठेवा. नाकाने श्वास घ्या तेव्हा बरगड्या दोन्ही बाजूंना पसराव्यात, पोट फुगू नये. श्वास सोडताना लघवी अडवतो तसा ओटीपोटाचा तळ हलकेच वर ओढा आणि बेंबीखालचा भाग आत घ्या. जोर अगदी कमी, दहातला तीन. बहुतेक जणी इथे श्वास रोखतात. तो रोखायचा नाही, विशेषतः रक्तदाब असेल तर. पहिला आठवडाभर एवढेच केले तरी चालेल.

ते जमले की त्याच स्थितीत श्वास सोडत नितंब उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिरकी सरळ रेष होईल इतपत, आणि सावकाश खाली या. आठ-दहा वेळा. मग गुडघे-हात टेकून ओणव्या व्हा. पाठीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे असे समजून उजवा हात पुढे व डावा पाय मागे लांब करा. वाटी सांडता कामा नये. नंतर बाजू बदला. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे हा व्यायाम खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी, आणि तोल जाऊन पडू नये म्हणून या स्नायूंचे मोल मोठे आहे.

शेवटचा व्यायाम माझ्या मते या वयात सर्वांत महत्त्वाचा. पोटावर झोपा, ओटीपोटाखाली घडी केलेला टॉवेल, कपाळ जमिनीकडे. खांद्याची पाती मागे-खाली ओढत डोके आणि छाती जेमतेम चार बोटे उचला. नजर जमिनीवरच ठेवा, मान मागे मोडू नका. पाच मोजा आणि खाली या. पोक आणणाऱ्या ओढीविरुद्ध काम करणारे हेच स्नायू. कळ पायात उतरू लागली तर थांबा.

आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे पुरेशी आहेत. मात्र एवढ्याने हाडे भक्कम होत नाहीत. हाडाला भार लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. म्हणून भरभर चालणे, जिने चढणे आणि वजने उचलणे जोडीला हवेच. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना देखरेखीखाली आठ महिने चांगली जड वजने उचलायला दिली तेव्हा कंबरेच्या मणक्यांची घनता सुधारली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, हा शब्द मात्र विसरू नका.

ढब

'ताठ बस' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. खरे तर अशी एकही आदर्श बैठक नाही जी दिवसभर धरून ठेवली तर पाठ खूश राहील. ताठ बसूनही दोन तासांनी पाठ दुखतेच. अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, कूस बदलणे, चार पावले टाकणे हे कोणत्याही महाग खुर्चीपेक्षा उपयोगी.

डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. मान खाली घालून मोबाइल पाहिला की तेच वजन पेलायला मानेच्या स्नायूंना कितीतरी जास्त ओढ द्यावी लागते. फोन छातीच्या उंचीवर आणा. ओट्याशी उभ्या असाल तेव्हा एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि दहा मिनिटांनी बदला. आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू आणि मॉप घ्या. पाण्याची कळशी, नातवंड किंवा धान्याचा डबा उचलताना पाठ गोल करून वाकू नका. वस्तूच्या जवळ जा, गुडघे आणि खुबे दुमडा, वस्तू पोटाशी धरा, मग उठा. गॅसचा सिलिंडर दुसऱ्या कुणाला सरकवू द्या. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा आणि हाताचा रेटा देत बसा.

ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. आता नेहमीचा दिवस मोजू. सकाळी चहा-बिस्किटे २ ग्रॅम, पोहे ५, दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात आणि पातळ आमटी मिळून १५, संध्याकाळी चहा-टोस्ट २, रात्री आमटी-भात ७ किंवा ८. बेरीज तिशीच्या थोडी वर. पोट भरले, पण स्नायूंना लागणारा माल आला नाही. त्यात घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई तळाची पातळ आमटी घेते, आणि डाळ तर आधीच वाढून झालेली असते.

तूट भरायला पावडरचा डबा लागत नाही. आमटीऐवजी घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, मूठभर फुटाणे म्हणजे ६-७ ग्रॅम, वाटीभर दही ५, दोन अंडी १२, पिठले, सोयाबीनचे वडे. मासे खात असाल तर बांगड्याचे दोन तुकडे आठवड्यातून दोन-तीनदा. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ शून्य. राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही यांवर भर द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका.

पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. दोन कप दूध-दह्यातून सुमारे ४८०, नाचणीच्या एका भाकरीतून १७०-१८०, दोन चमचे बिनपॉलिशच्या तिळातून शंभराच्या वर. शेवग्याचा पाला आणि मेथीही चांगली. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फारसे लागत नाही. नाचणीचे कॅल्शियम बरेचसे टरफलात असते, म्हणून गाळलेल्या सत्त्वापेक्षा भाकरी किंवा आंबील बरी. एवढे करून कमी पडत असेल तर गोळी घ्या, पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीबरोबर किंवा चहाबरोबर नको.

ड जीवनसत्त्व अन्नातून फार कमी मिळते. दुपारचे ऊन अंगावर घ्यायला वेळ कुठे मिळतो, म्हणून तपासणीत कमतरता सर्रास निघते. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षभर घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो.

डॉक्टरांना कधी भेटाल?

आज भिंतीशी उभे राहून उंची मोजा आणि वहीत लिहून ठेवा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती ४ सेंटिमीटरहून जास्त घटली असेल तर पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा तपासणी करून घ्या. पाळी चाळिशीआधी थांबली असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, साध्या पडण्याने मनगट मोडले असेल, किंवा आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल तर व्यायाम सुरू करण्यापूर्वीच ही तपासणी करा. डेक्साचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर औषधांची गरज पडते. तिथे नाचणी आणि व्यायाम पुरत नाहीत.

काहीतरी उचलताना पाठीत एकाएकी तीव्र कळ आली, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे, ताप किंवा वजन घटणे सोबत आहे, पूर्वी कर्करोग झाला आहे, तर पिलाटीज बंद आणि आधी तपासणी. पाय लुळा पडतोय, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेली आहे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे, असे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.