लिनक्सवर एन्क्रिप्टेड फोल्डर माउंट होत नाही, तेव्हा

दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा वापरता यावा म्हणून लिनक्समध्ये तो माउंट करावा लागतो. वाटेत कुणाला माहिती वाचता येऊ नये म्हणून ती एन्क्रिप्ट केली, की माउंट अडण्याच्या जागा वाढतात.

सुरतच्या लिंबायतमध्ये खानदेशी मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतल्या अनेकांचे पोट कापडधंद्यावर आहे. भरतकामाचे किंवा छपाईचे डिझाइन बाजारात येण्याआधीच फुटले, तर त्यामागची मेहनत वाया जाते. अशा फायलींसाठी हे संरक्षण मोलाचे आहे.

विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदतात तिथे फोल्डर वाटून घेण्यासाठी बहुधा एसएमबी ही पद्धत असते. तिच्यात एन्क्रिप्शन आले ते २०१२च्या ३.० आवृत्तीपासून. लिनक्स कर्नलला ते जमू लागले २०१७मध्ये, ४.११ पासून. त्यामुळे जुना कर्नल असेल तर आधी तो बदलावा.

तपास बाहेरून आत करावा. सर्व्हर, म्हणजे फोल्डर ज्यावर आहे तो संगणक, पिंगला उत्तर देतो का आणि त्याचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलने अडवले आहे का, हे प्रथम पाहावे. 'राँग एफएस टाइप' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा 'सिफ्स-युटिल्स' हे पॅकेज बसवलेले नसते.

पुढचा माग एरर क्रमांक देतो. २ आला तर शेअरचे, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या फोल्डरचे, नाव किंवा मार्ग चुकलेला असतो. १३ म्हणजे परवानगी नाकारली. युजरनेम, पासवर्ड आणि डोमेन पुन्हा तपासावे. ११२ 'होस्ट डाउन' म्हणतो, पण सर्व्हर चालू असतानाही तो येतो, कारण दोन्हीकडच्या एसएमबी आवृत्त्या जुळत नाहीत. तेव्हा माउंट कमांडच्या 'व्हर्स' पर्यायात ३.० लिहावे. एन्क्रिप्शन मागणारा 'सील' पर्याय दिल्यावर ९५ आला, तर सर्व्हरकडे ती सोय नाही किंवा ती बंद आहे. नेमके कारण 'डीमेसेज' कमांडमध्ये दिसते.

अशा वेळी 'सील' काढून टाकला की माउंट होतो, पण फायली उघड्यावर ये-जा करू लागतात. तो उपाय नव्हे. सर्व्हर अद्ययावत करून तिथे एन्क्रिप्शन सुरू करणे हाच खरा उपाय.

माउंट झाल्यावरही फायलींवर लिहिता येत नसेल, तर 'यूआयडी' आणि 'जीआयडी' पर्यायांनी मालकी ठरवावी. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिची परवानगी ६०० करावी. संगणक सुरू होताना फोल्डर आपोआप जोडायचा असेल, तर 'एफएसटॅब' या फाइलमधल्या ओळीत 'नेटडेव्ह' पर्याय आधी अंडरस्कोर लावून लिहावा. मग नेटवर्क सुरू होईपर्यंत माउंट थांबतो.