तुळई, प्रबलित काँक्रीटची
मजल्याचा वा छताचा भार पेलून तो स्तंभांकडे पोहोचविणारा आडवा घटक. काँक्रीट दाब चांगला सहन करते. परंतु त्याचे ताणबल दाबबलाच्या सुमारे एक-दशांशच असते. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई भाराने वाकली की, तिच्या वरच्या भागात दाब व खालच्या भागात ताण निर्माण होतो. म्हणून पोलादी गज खाली घालतात. भिंतीबाहेर आलेल्या सज्जात ताण वर असल्याने ते वर घालावे लागतात.

गज जितके जास्त तितकी तुळई सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. गज बेताचे असल्यास अतिभाराने पोलाद आधी लांबते, तडे रुंदावतात, तुळई वाकलेली दिसते आणि रहिवाशांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. ते प्रमाणाबाहेर असल्यास पोलाद लांबण्यापूर्वीच वरचे काँक्रीट चिरडले जाऊन तुळई पूर्वसूचनेविना मोडते. यासाठी भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार, ४१५ न्यूटन प्रति चौ. मिमी. बलाचे गज वापरताना दाबाखालील भागाची खोली, वरच्या कडेपासून गजांच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या ०·४८ पटीपलीकडे जाऊ देत नाहीत. अधिक भार पेलावयाचा असल्यास तुळईची खोली वाढवितात किंवा दाबाच्या बाजूसही गज घालतात.