विनोद मांजरात नाही, बाबांत आहे!

ओपन माइकला नाव तर देऊन बसलात. चार-पाच मिनिटं मिळणार. आता मटेरियल? व्हायवा, केटी, हॉस्टेलची मेस, एक्स, लोकलची गर्दी... हे सगळं तुमच्या आधी नाव लागलेल्या सात जणांनी वापरलेलं असतं. मग रात्री दीडला डोक्यात येतं, घरच्या कुत्र्यावर बोलू या का?

बोला की. प्राणी हा स्टँडअपचा अगदी जुना आणि हक्काचा विषय आहे. रिकी जर्वेसने तर २००३ मध्ये अख्ख्या शोचंच नाव 'अ‍ॅनिमल्स' ठेवलं होतं. पण गोची एकच असते. तुम्ही स्टेजवर सांगता, 'आमचं मांजर ना, टेबलावरचा पेला मुद्दाम पाडतं,' आणि समोरचे गोड हसतात. रील बघून हसतात ना, तसं. तो हशा तुमच्या जोकला नसतो, मांजराला असतो. आणि मांजर तर घरी झोपलेलं असतं.

म्हशीने काय केलं?

काहीच नाही. पुलंची 'म्हैस' ऐकली नसेल तर आज रात्री ऐका, तुमच्या आईबाबांना निम्मी पाठ असेल. एसटीची धडक बसून म्हैस रस्त्यात आडवी होते आणि गाडी तिथेच अडकते. म्हैस त्यापुढे काही करत नाही. मग प्रवासी, कंडक्टर, म्हशीचा मालक, पोलीस, पुढारी असे एकेक जण पुढे येतात आणि प्रत्येक जण नेमका कसा आहे ते उघडं पडत जातं. आपण पोट धरून हसतो ते त्या गर्दीला.

तिकडे अमेरिकेत जेरी साइनफेल्डचा एक गाजलेला जोक आहे. परग्रहावरून कोणी दुर्बिणीतून पृथ्वी बघत असेल, तर त्यांना दिसेल की एक प्राणी शी करतोय आणि दुसरा ती उचलून घेऊन चाललाय. मग इथला बॉस कोण? जोक कुत्र्याचा वाटतो, पण त्यात कुत्रा नेहमीचंच काम करतोय. गंमत हातात पिशवी घेतलेल्या माणसाची आहे.

म्हणजे प्राण्याकडे बघून झालं की मान थोडी वळवायची. त्याच्या समोर कोण उभं आहे? ते माणूस आत्ता काय बोललं? तुमचं मटेरियल तिथे आहे.

बाबा, मांजर आणि टीव्हीचा रिमोट

एक बिट बांधून बघू. समजा, घरात मांजर आणायला बाबांचा कडाडून विरोध होता. 'या घरात एक तर ते राहील किंवा मी!' आज सहा महिन्यांनी मनी बाबांच्या खुर्चीत झोपली आहे आणि बाबा खाली सतरंजीवर बसून बातम्या बघतायत. हा झाला सेटअप.

आता डिटेल शोधा. बाबांनी टीव्ही म्यूट केलाय, कारण मनीची झोपमोड होईल. आणि तुमची पंचलाइन, 'माझ्या बारावीला यांनी आवाज दोनने कमी केला नव्हता!'

याला टॅग जोडा, म्हणजे त्याच जोकवर आणखी एक टोला. बाबा ऑफिसातून आले की मनीला विचारतात, 'जेवलीस का गं?' आणि तुम्हाला विचारतात, 'फॉर्म भरला का?'

इथे प्रेक्षक हसतील आणि हसता हसता किंचित थांबतील. कारण त्यांच्याही घरी असे एक बाबा असतात, ज्यांना लाडाने बोलता येतं, फक्त मुलांशी बोलायची सवय राहिलेली नसते. हे तुम्ही सरळ सांगायला गेलात तर रडगाणं होईल. मांजर मध्ये आलं की सांगता येतं. घरात ज्याच्याबद्दल कधी बोललंच जात नाही, त्याच्याकडे जायची ही मागच्या दाराची वाट आहे. म्हणून प्राण्यांचा विषय दिसतो तितका बाळबोध नाही.

थोडा अभ्यासही करा राव

इंटरनेटवरचे तेच ते मीम उचलण्यापेक्षा प्राण्यांवरचं संशोधन वाचा. तिथे आयते प्रिमाइस पडलेले असतात.

कुत्र्याचा 'गिल्टी' चेहरा घ्या. अ‍ॅलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये यावर प्रयोग छापला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटं. निघालं असं की कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंधच नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा. उलट काहीही न खाता बोलणी खाणारी कुत्री जास्त अपराधी दिसली. आता आठवा, सर वर्गावर ओरडतात तेव्हा मान खाली कोण घालतं? पहिल्या बाकावरची, असाइनमेंट पूर्ण केलेली मुलगी. शेवटचा बाक तेव्हा वडापावचा प्लॅन करत असतो. झालं की नाही बिट?

मांजरांचंही तसंच. जपानमधल्या अत्सुको साइतो यांच्या अभ्यासांतून दिसलंय की मांजरांना मालकाचा आवाज ओळखता येतो, स्वतःचं नावसुद्धा कळतं. हाक ऐकून ती कान हलवतात, मान वळवतात. उठून येण्याची तसदी मात्र सहसा घेत नाहीत. म्हणजे ब्लू टिक आली, रिप्लाय नाही.

आणि आपला कावळा! अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, मग सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कावकाव करून अंगावर यायचे. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. आता हे आपल्या दहाव्याच्या घाटावर आणून ठेवा. वर्षभर ज्याला गच्चीतल्या पापडांवरून हाकललं, तोच आज पिंडापासून दोन हातांवर बसलाय, आणि अख्खं खानदान हात जोडून उभं आहे. 'काका, तुमची गाडी विकणार नाही!' 'काका, शेताचे वाटे नीट करू!' कावळा फक्त एकेकाचा चेहरा बघतोय, 'हाच तो, पापडवाला!'

त्यात आणखी एक ओळ दडलेली आहे. काकांना काय हवंय, हे ते असताना कोणी विचारलं होतं? ती ओळ घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण ती घेता आली, तर तुमचं बिट लोक घरी जाऊनही सांगतील.

जनरल नको, तुमचं पाहिजे

'मराठी घरात कुत्र्याशी मात्र इंग्रजीत बोलतात' हे निरीक्षण खरं आहे, आणि शंभर वेळा ऐकून झालेलं आहे. पण तुमच्या आजीने त्याच कुत्र्याला 'शिट' म्हटल्यावर तो बसतो आणि पाहुणे उठतात, हे तुमच्याच घरचं. कॅम्पसमधला कुत्रा लेक्चरला बसतो, हेही सगळ्या कॉलेजांत घडतं. पण त्याची अटेंडन्स बघून त्याला कोणत्या ब्रँचला टाकलंय, हे तुमच्या ग्रुपनेच ठरवलेलं असतं. नाव, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, हे जितकं नेमकं, तितका हशा मोठा.

आणि अ‍ॅक्ट-आउट विसरू नका. मांजर काचेवर आपटल्यावर 'मला हेच करायचं होतं' अशा थाटात चालतं, हे जॉर्ज कार्लिन नुसतं सांगायचा नाही, करून दाखवायचा. आरशासमोर करून बघा. लाज वाटली तर योग्य मार्गावर आहात. मोबाइलवर वेळ लावा, कारण शेवटचं मिनिट उरलं की मागून टॉर्च दाखवतात आणि तेव्हा तुम्ही सेटअपमध्येच अडकलेले असता.

हसायचं कोणाला?

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करा. घाबरलेला प्राणी हे मटेरियल नाही. २०१५ च्या सुमारास मांजराच्या पाठीमागे गुपचूप काकडी ठेवून त्याला दचकवायचे व्हिडिओ जगभर फिरले. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगत होते की याने मांजराला ताण येतो, ते स्वतःला इजा करून घेऊ शकतं. व्ह्यूजसाठी शेपटीला फटाका लावणारे त्याच्या पुढच्या पायरीवर उभे असतात, आणि त्यांच्यासाठी १९६० पासून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. स्टेजवर जिवंत कुत्रा आणायची आयडिया असेल तर तीही घरीच ठेवा.

माणसांचंही भान हवं. भटक्या कुत्र्यांवर जोक करताना लक्षात असू द्या, प्रेक्षकांत रात्री बाराला ऑर्डर पोचवणारा मुलगा असू शकतो, ज्याच्या पायाला खरंच चावा बसलाय. आणि त्याच कुत्र्यांना रोज पोळी घालणाऱ्या काकूही असू शकतात. त्या दोघांची टर उडवणं सोपं आहे. त्यापेक्षा सोसायटीच्या लिफ्टकडे बघा. काही ठिकाणी लॅब्रेडॉर मेन लिफ्टने जातो आणि त्याला फिरवून आणणाऱ्या ताईंना सर्व्हिस लिफ्ट दाखवली जाते. यावर हसवलंत, तर समोरचे काही जण हसतील आणि काही जण खुर्चीत चुळबुळतील. दोन्ही चालतं.

तर हा आठवडा होमवर्क. रोज एक प्राणी बघा, मेसमधलं मांजर, अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर झोपणारा बोका, स्टँडवरचा कुत्रा, काहीही. वहीत दोनच ओळी लिहा. एक, त्याने काय केलं. दोन, समोरचं माणूस काय म्हणालं. सात दिवसांनी पहिल्या सातही ओळी खोडून टाका आणि उरलेल्या मोठ्याने वाचा.

ओपन माइकला बाबांना बोलवायचं का? तुमचं तुम्ही ठरवा. बोलावलंत तर मनीचं बिट शेवटी ठेवा. ते बहुतेक हसणार नाहीत. पण घरी जाताना गाडी चालवता चालवता विचारतील, 'काही खाल्लंस का?'