खांद्यावरची गाठ : गोव्याच्या कुणबी साडीविषयी

मागच्या ट्रॅडिशनल डेला मी लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी नेसून गेले होते. सयाजीगंजमधल्या एका दुकानात 'कुणबी साडी' म्हणून मिळाली. फोटो पाहून गोव्याच्या आजीचा फोन आला, "अगो बाय, ही तर आम्ही शेतात नेसायचो!" तिला हसू आवरेना आणि मला थोडी लाज वाटली. म्हणून हा लेख.

कुणबी साडी म्हणजे गोव्यातल्या कुणबी-गावडा बायकांचं रोजचं सुती वस्त्र. चिखलात भातलावणी करायची, म्हणून ती आखूड, गुडघ्याच्या आसपास नेसतात. पदर मागून पुढे घेऊन खांद्यावर घट्ट गाठ मारतात. पिन नको, आणि दोन्ही हात कामाला मोकळे!

चौकडा छापलेला नसतो, विणलेला असतो. ताण्यात, म्हणजे मागावर लावलेल्या उभ्या धाग्यांत, लाल-पांढरे पट्टे धरतात. मग आडवा बाणाही तसाच रंग बदलत टाकतात. लालवर लाल आला की गडद घर, लालवर पांढरा आला की फिकट. म्हणून कापड उलटून बघा. खरा विणलेला चौकडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, छापलेला मागून फिका पडतो. माझी साडी मागून फिकीच निघाली.

कॅथलिक म्हणून मला टोचलं ते पुढचं. गोव्यात 1736 च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. त्यात पुरुषांचं पुडवें (धोतर) आणि बायकांची चोळीही होती. वरच्या जातींतल्या ख्रिस्ती बायकांमध्ये पानो-बाजू हा वेगळा पोशाख रुजला. शेतात राबणाऱ्या ख्रिस्ती कुणबी बायकांनी मात्र साडी सोडली नाही. प्रार्थना बदलली, गाठ तीच राहिली.

पुढे स्वस्त मिलच्या कापडापुढे हातमाग मागे पडला. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी या साडीला पुन्हा विणकरांच्या मागावर आणलं. गोव्याच्या पेहरावावरचं त्यांचं 'मोडा गोवा' हे पुस्तक 2012 मध्ये आलं. साडी रॅम्पवर पोचली, हे चांगलंच झालं. पण ती नेसून शेतात राबलेल्या बाईला त्यातून काय मिळालं?

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ग्वाटेमालातल्या माया बायका कमरेला बांधायच्या मागावर 'उइपिल' नावाचा अंगरखा विणतात. नक्षीवरून बाईचं गाव ओळखू येतं. मोठ्या कंपन्या या नक्ष्या उचलू लागल्या, तेव्हा 2016 मध्ये विणकर बायका थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या. नक्षीवर आमच्या समाजाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं.

मित्रांनो, पुढच्या ट्रॅडिशनल डेला साडी जरूर नेसा. फक्त घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा, "ही विणली कोणी?" मी विचारलं नव्हतं. आता सुट्टीत आजीकडे जाऊन आधी ती गाठ मारायला शिकणार आहे.