काशीतली पाच दिवसांची कसोटी

मुंबईहून निघालेली महानगरी एक्स्प्रेस वाराणसीला पोहोचली, की बहुतेक मराठी प्रवाशांची पावले गंगेच्या घाटांकडे वळतात. पण त्याच गाडीतून कधी कधी असेही तरुण उतरतात, ज्यांच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात प्रमाणपत्रांची फाइल असते. त्यांना जायचे असते छावणी भागात, हवाई दलाच्या चार क्रमांकाच्या निवड मंडळात. येथे लढाऊ विमानांचा गडगडाट नाही. तरीही हवाई दलात या जागेचे मोल मोठे आहे. कोट्यवधी रुपयांचे विमान कोणाच्या हाती सोपवायचे, हे अशाच मंडळांत ठरते. डेहराडून, म्हैसूर आणि गांधीनगर येथेही अशी मंडळे आहेत.

युद्धातून आलेली पद्धत

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अधिकारी निवडताना छोटीशी मुलाखत आणि घराण्याची पार्श्वभूमी यांवर बराच भर असे. युद्धात अधिकाऱ्यांची मोठी गरज भासू लागली, तेव्हा ही रीत अपुरी पडली. ब्रिटिशांनी मानसशास्त्राचा आधार घेऊन नवी पद्धत आखली. भारतात १९४३ साली डेहराडूनला प्रायोगिक निवड मंडळ सुरू झाले. आजची पद्धत त्यातूनच वाढली आहे.

मनसा, वाचा, कर्मणा

लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना येथे बोलावणे येते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते. मग एक अस्पष्ट चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. यात मागे पडलेल्यांना त्याच दिवशी परतीची वाट धरावी लागते.

उरलेल्यांची खरी परीक्षा पुढे असते. मानसशास्त्रीय चाचणीत साठ शब्द एकामागून एक दाखवले जातात. प्रत्येक शब्दावर वाक्य लिहायला मिळतात जेमतेम पंधरा सेकंद! साठ अडचणीचे प्रसंग देऊन ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ असे विचारतात, तेही तीस मिनिटांत. एवढ्या घाईत पाठ केलेली उत्तरे टिकत नाहीत. मनात असेल तेच कागदावर उतरते. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन सर्वांनी मिळून अडथळे पार करायचे असतात. तेथे नुसती ताकद पाहत नाहीत. दुसऱ्याचे कोण ऐकून घेतो, मागे राहिलेल्याला कोण हात देतो, याकडेही लक्ष असते.

मानसशास्त्रज्ञ मन वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणे ऐकतो आणि मैदानावरचा अधिकारी कृती पाहतो. तिघेही आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात. शेवटच्या दिवशी सर्वजण एकत्र बसून निर्णय घेतात. निवड झाली, तरी पुढे वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी असतेच.

वैमानिक व्हायचे असेल, तर आणखी एक संगणकीय चाचणी द्यावी लागते. ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले, तर हवाई दलातील वैमानिकाची वाट बंद होते. जमिनीवरील शाखांची दारे मात्र उघडी राहतात.

मुलीही मागे नाहीत

२०१६ मध्ये हवाई दलाला पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक मिळाल्या. पुढच्याच वर्षी वाराणसीच्याच शिवांगी सिंग लढाऊ वैमानिक म्हणून दलात आल्या. मिग-२१ उडवणारी ही काशीची लेक पुढे राफेल विमानाची पहिली महिला वैमानिक ठरली. २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला. महाराष्ट्र शासनाने मुलांसाठी १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली होती. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली.

परत आलेल्या मुलाचे काय?

येथून निराश होऊन परतणाऱ्यांची संख्या निवडल्या जाणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. अशा वेळी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची आठवण ठेवावी. तरुणपणी ते डेहराडूनच्या निवड मंडळासमोर गेले होते. पंचवीस उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि जागा होत्या आठ! खिन्न मनाने ते हृषीकेशला गेले. तेथे स्वामी शिवानंदांनी त्यांना धीर दिला. पुढे क्षेपणास्त्रे घडवून ते राष्ट्रपती झाले आणि ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून आकाशात झेपावले.

म्हणून मुलगा किंवा मुलगी रिकाम्या हाताने घरी आली, तर ‘काय चुकलं?’ म्हणून लगेच उलटतपासणी घेऊ नये. आधी पोटभर जेवू घालावे आणि दोन दिवस शांत राहू द्यावे. वयाची अट आड येत नसेल, तर निवड मंडळापुढे पुन्हा जाता येते. तोवर रोज वर्तमानपत्र वाचणे, मैदानी खेळ खेळणे, घरातल्या एखाद्या कामाची पूर्ण जबाबदारी घेणे ही तयारी घरच्या घरी होऊ शकते. त्याला पैसे पडत नाहीत आणि ती वायाही जात नाही.